बाळूच्या हातचा चहा

गोकुळाष्टमी, १९९८, जव्हार

आज काय पाहिलं बाई! दर अष्टमीला माझा बाळू, शाळेतला मास्तर, घरी तीन पत्तीचा डाव मांडतो. सगळ्यांचा चहा करून सूनबाईचा जीव जातो. आज ती पत्त्यांपुढंच उभी राहिली. "साखर आमची, रॉकेल आमचं, जिंकणार तुम्ही! आता जो डाव मारंल त्यानं साखर आणायची, चहापण त्यानंच करायचा. नाहीतर पत्ते बंद." मला वाटलं, आता भडकणार बाळू. तर पहिला डाव त्यानंच मारला, अन् उठला की हो! साखर आणली, स्टोव्ह पेटवला. ह्याच्या बापानं पाणीसुद्धा हातानं घेतलं नव्हतं! पहिला कप मला, दुसरा सुनेला. साखर घालायलाच विसरलेला. मी सुनेकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. दोघींनी मुकाट पिऊन टाकला. बोललो असतो तर चहा परत आमच्याच गळ्यात.