मोटारीला करडईचं तेल

कोरीट, वैशाख शुद्ध पंचमी

साडूभाऊ हिलालराव यांस धाकट्या नवलचा रामराम. तुमचे गुडघे आणि दगूआक्कांचा दमा कसा आहे ते कळवावं. इकडे मी आणि भिकुबाई ठीक, लेक सुंदर लग्नाच्या गडबडीत, आणि मोटार बंद.

सारंगखेड्याच्या यात्रेत तुम्ही बजावलं होतंत, घोडी घ्यायला आलास, घोडीच घे. पण मला कुठली ऐकायची सवय! मी मोटारीभोवती तीन फेऱ्या मारल्या, अंगावर खोडीचा भोवरा दिसतो का पाहिलं (नव्हता, म्हणून खूश झालो), चाकावर थाप मारली आणि मोठ्या जाणकारासारखी मान हलवली. विकणाऱ्याच्या ड्रायव्हरने ती कोरीटपर्यंत आणून दिली, तर शेजारी मी असा ताठ बसलो होतो की जणू हाकतोय मीच.

आता माझी अक्कल पाहा. तो म्हणाला, इंजिनात तेल घालत जा. कोणतं, हे विचारलं असतं तर इज्जत गेली असती ना! दमून आलेल्या जनावराला आपण हलकं तेल चोळतो का? घरच्या करडईचं, घाण्याचं, घागरभर ओतलं. दोन दिवस स्वतःच अडखळत हाकत गावात मिरवलो आणि गोधडी पांघरून तिला ठेवून दिली. होळीनंतर हँडल घातलं तर तसूभर हलेना. मी लोंबकळलो, दोन गडी लोंबकळले, नारळ फोडला (पाणीही आत ओतणार होतो, भिकुबाईने हात धरला). शेवटी बैल जुंपले. मागची चाकं फिरायचं नाव घेईनात, मारुतीपर्यंत नुसत्या दोन चऱ्या पडल्या. भिकुबाई ओट्यावरून म्हणाली, "घोडी बरी व्हती. हाक मारी ते कान तरी हालावे."

मग नंदुरबारहून धुडकू मिस्तरी आला. त्याने खालचा बोल्ट काढला, तरी तेल खाली येईना. आत सगळा डिंकासारखा चिकटा! "दादा, हाई कोनी कये?" हा उद्योग कोणी केला, म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. खोलून धुवायला महिना लागेल म्हणतो, आणि लग्न आठवड्यावर. त्यात नवरदेव मोटारीतून येणार असं मी पत्रिकेत छापून बसलोय. व्याही शहाद्याचे, जिभेचे तिखट. सुंदर काल रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, सासरी मला जन्मभर हेच ऐकावं लागेल." भाऊ, माझ्या फजितीचं काही नाही हो, पण तेवढं मात्र फार लागलं.

धुडकूने गिअर मोकळा केलाय, निदान चाकं फिरतात. तेव्हा नवरदेव मोटारीतच बसेल, पुढे बैल. शिंगांना बेगड लावली की शोभेल (असं मीच म्हणतोय). आपण उभयतांनी दोन दिवस आधी यावं.

आपला,
नवल

ता.क. धुडकूने विचारलं तेव्हा तोंडातून तुमचं नाव निघून गेलं. तेल साडूभाऊंनी ओतलं, असं व्याह्यांनाही कळवलंय. मांडवात कोणी विचारलं तर कृपा करून नाही म्हणू नका. सुंदरसाठी तरी.

आणखी ता.क. वरचं भिकुबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते, भाऊजींना कशाला त्रास, आज सकाळी विहीणबाई आल्या तेव्हाच मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलंय. त्या पोट धरधरून हसल्या म्हणे, आणि सुंदरला जवळ घेऊन म्हणाल्या, "घाबरू नको बेटा, आमनाकडे बी आसाच एक शे."