अर्ध्या इंचाने वाढलेली लेक

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा कागदावरच). तुझी कंबर काय म्हणते? इकडे सगळं ठीक. म्हणजे लेक ठीक आहे, मीच ठीक नाही.

तिचे दिवस भरत आले. पहिल्या खेपेला बाळ पायाळू होतं म्हणून सिझर करावं लागलं, हे तू जाणतेसच. या खेपेला आमच्या लेकबाईसाहेब म्हणतात, नैसर्गिक बाळंतपण करून बघू. अक्का, मी जन्मभर शिंपीकाम केलं. एकदा शिवलेल्या जागेवर पुन्हा ताण आला की शिवण उसवते. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या (कुचेष्टेने नव्हे, चांगल्या हसल्या) आणि म्हणाल्या, "काका, गर्भाशय म्हणजे पायजमा नव्हे." मग त्यांनी वय, वजन, उंची, पहिलं सिझर का झालं, सगळं संगणकात घातलं आणि सांगितलं, अशा शंभरातल्या सत्तर जणींचं जमतं. मी विचारलं, "आमची सत्तरात की तिसात?" तर म्हणे, ते बाळंत झाल्यावरच कळेल. मग एवढा हिशेब केला कशाला, तूच सांग!

त्यातून उंची त्यांनी नुसती विचारून घातलेली. बिनमापाचं काम! मी गळ्यातली टेप काढली (सवय गं, दवाखान्यातही गळ्यातच असते), लेकीला भिंतीशी उभं केलं आणि मापलं. अर्धा इंच जास्त भरली! बाईंनी माझ्या समाधानासाठी आकडा बदलला, तर सत्तराचे एकाहत्तर झाले. म्हटलं, "पोरी, जरा आणखी ताठ हो बघू." त्यावर लेकीने मला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. तिथे वाट बघणाऱ्या दोघा होणाऱ्या बापांची मापं मी उगाचच घेऊन टाकली.

निघताना बाई म्हणाल्या, "काका, हा अंदाज आहे. कळा सुरू झाल्या की आम्ही हलणार नाही तिच्यापासून. शिवण जरा कुरकुरतेय असं वाटलं, तर ऑपरेशनची खोली शेजारीच आहे." आणि लेक म्हणाली, "बाबा, मी सगळं समजून ठरवलंय. तुम्ही घाबरलात की मी घाबरते." तेव्हापासून मी अजिबात घाबरत नाही. फक्त सुईत दोरा तेवढा ओवला जात नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. कळांच्या वेळी लेकीला जवळ तू हवी आहेस. मी नको, हेही तिने स्पष्ट सांगितलंय. पत्र मिळताच निघ.

आणखी ता. क. येताना घरातले सगळे उसवलेले कपडे घेऊन ये. मी बाहेर बसणार, हातांना काम हवं. उसवलेलं काही नसेल, तर वाटेत उसव.