ड्रॉवरातला फोन

मंगळवार, ता. १० मार्च

चि. धाकटीस ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे होते तसेच आहेत. तूही बरी असशील असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण ते आज मला लिहिता येत नाही. का, ते येईल ओघात. तू शेवटच्या पानावर उडी मारू नकोस, ती तुझी खोड मला ठाऊक आहे. आणि चुका काढू नकोस. मी शाळेत किती टिकले ते तुझ्याइतकं कुणाला माहीत.

काल मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. इस्त्रीवाला म्हणाला, "मावशी, आज काय अंगात वारं शिरलंय का?" मी म्हटलं, तू कॉलरकडे बघ, जळतेय. खरंच जळत होती.

तर पहिल्यापासून सांगते. तू गेल्यावर आपल्या लाँड्रीत कॉम्प्युटर आला. माझ्या थोरल्याच्या मुलीने आणला. तीच, जिच्या फ्रॉकला तू लेस लावायचीस आणि जी उपटून काढायची. आता ती दिवसभर कॉम्प्युटरचं काम करते आणि संध्याकाळी इथे येऊन माझं डोकं खाते. तिने प्रत्येक वॉशिंग मशीनला एकेक छोटा प्रोग्राम नेमून दिलाय. प्रोग्राम म्हणजे नोकर समज, फक्त दिसत नाही आणि उचल मागत नाही. मशीन थांबलं की त्या छोट्याचं काम संपलं, तोही संपला. पण संपताना तो गल्ल्यावरच्या मोठ्या प्रोग्रामला एक खूण करतो. तिला सिग्नल म्हणतात. खूण मिळाली की मोठा चिठ्ठी छापतो, अमक्या मशीनमधले कपडे काढा. मग आम्ही काढतो. मला पहिल्यापासूनच हे थेर वाटत होतं, मशीन थांबलेलं कानाला कळत नाही का. पण या गोंगाटात खरंच कळत नाही, हे तुला सांगते, तिला नाही.

शनिवारी लॉजच्या चादरी होत्या. चारही मशीनं भरलेली. पहिलं थांबलं, मोठ्याने चिठ्ठी छापायला घेतली आणि कागद अडकला. तो कागद ओढून काढेस्तोवर बाकीची तिन्ही थांबली. कागद सुटला, एक चिठ्ठी आली, मागून आणखी एक आली. बस. आम्ही दोन मशीनं रिकामी केली, म्हटलं बाकीची फिरतायत अजून, काढू नंतर. आणि विसरलो. रविवारी दुकान बंद. सोमवारी झाकण उघडलं तर असा भपकारा आला की इस्त्रीवाला रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

नेमका तेव्हाच लॉजचा मॅनेजर आला. "आजी, चादरी धुवायला दिल्या होत्या, आंबवायला नाही."

मी म्हटलं, "आंबवायचे वेगळे पडतात."

हसला बिचारा. पुन्हा धुवून दिल्या, फुकट. पण माझं डोकं तापलं होतं. मी सरळ कॉम्प्युटरची वायर उपटायला गेले. नात कामावर जाताना आत डोकावली होती, तिने माझं मनगटच धरलं.

"आजी, असं मारायचं नसतं. थांब म्हटलं की तो हातातलं आवरून थांबतो. वायर उपटलीस तर हातातलं हातात राहील, शनिवारचे गिऱ्हाइकांचे सगळे टोकन जातील."

"मग सांग त्याला थांब म्हणून."

"सांगते. पण आवरायलाही नको आत्ता, आहे तसाच उभा राहू दे." आणि तिने त्याला नुसतं जागच्या जागी थांबवलं. मारलं नाही. एक बोट वर उचललेलं असेल तर ते वरच राहावं, तसं. मग कामावर उशिरा येते असं कळवून ती त्याच्या आत बघत बसली. मी शेजारी खळ कालवत होते. तासाभराने ती टाळी वाजवून उठली, जणू गुप्तधन सापडलं.

"आजी, सापडलं. मागच्या तिघांनीही खूण केली होती. याला एकच मिळाली."

"का? बहिरा आहे का?"

"कामात होता. एक खूण हातात घेतली की ती उरकेपर्यंत तो तसल्या खुणांना कान बंद ठेवतो. तेवढ्यात आलेली खूण बाहेर खुंटीला टांगून ठेवतात. पण खुंटी एकच आहे. एकदा आली काय, तीनदा आली काय, तो बाहेर येऊन बघतो तेव्हा एकच लटकलेली दिसते. किती वेळा आली हे कुणी मोजतच नाही."

"मग खुणेत निरोप नसतो का, मी अमका, मी तमका?"

"निरोप नाही, नुसता नंबर. बऱ्याच नंबरांचा अर्थ ठरलेला आहे, हा मर म्हणायचा, हा थांब म्हणायचा. दोन नंबर मात्र मोकळे ठेवलेत. त्यांचा अर्थ आपला आपण ठरवायचा."

धाकटे, हे ऐकलं आणि माझा हात खळीतच राहिला. नातीला वाटलं मला समजलं नाही, ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. मी म्हटलं, गप. मला नको इतकं समजलंय.

आता तू आठव. डोळ्याच्या ऑपरेशननंतर चार दिवस विश्रांतीला म्हणून तुझा लेक तुला घेऊन गेला, तेव्हा गाडीत बसायच्या आधी तूच ठरवून दिलं होतंस. त्याच्या घरी कुणी ना कुणी कानाशी असणार, बोलता यायचं नाही, म्हणून संध्याकाळी मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे मी बरी आहे. पाठोपाठ तीन म्हणजे ताई, मला न्यायला ये. मी तेव्हा हसले होते. तीनची वेळ कशाला येतेय, म्हटलं, राणीसारखी राहशील. आणखीही काही बोलले होते, दुकान तुझ्यावाचून अडत नाही वगैरे. ते तू विसरली असशील तर बरंच आहे.

फोन मी ड्रॉवरात ठेवते, तुला माहीत आहे. एकदा तो खळीत पडून कडक झाल्यापासून. गोंगाटात तो आत वाजो की नाचो, मला पत्ता नसतो. रात्री कुलूप लावताना ड्रॉवर उघडायचा, तुझं नाव दिसायचं, लाल बाण. एक ओळ. मी म्हणायचे, आली हिची रिंग, बरी आहे. आणि ड्रॉवर ढकलायचे. महिनोन् महिने असंच. मग ओळ यायची बंद झाली. मी म्हटलं, रमली. खरं सांगायचं तर रागच आला. एक बटण दाबायला काय होतं हिला? म्हणून मीही फोन केला नाही बरेच दिवस. मग केला, तर तुझा बंद. लेकाला केला तर तो गोड आवाजात म्हणतो, "मावशी, आई आराम करतेय." सकाळीही आराम, दुपारीही आराम. इतका आराम तर मेलेल्याच्याही नशिबी नसतो.

काल नातीसमोर मी फोन टाकला. म्हटलं, यातली तुझ्या मावशीआजीची ओळ उघडून दाखव. तिने बोट फिरवलं. नावाच्या शेजारी कंसात एक बारीकसा आकडा होता. मला चष्म्यातून ती माशीची घाण वाटायची, कितीदा पदराने पुसलीय. तीन. त्याच्या पुढच्या दिवशी तीन. त्याच्या पुढे तीन. शेवटच्या दिवशी सहा.

नात माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं म्हातारी आता रडते. मी म्हटलं, बघतेस काय, कागद आण.

तुला सांगू, मला किती आनंद झालाय. बहीण तिकडे सुखात नाही हे कळून आनंदाने नाचणारी बाई जगात मी एकटीच असेन. पण तू रुसली नव्हतीस. तू रोज हाका मारत होतीस आणि इथे खुंटी एक होती. तुझा लेक वाईट नाही, मला माहीत आहे. त्याने तुला शोकेसमध्ये ठेवलंय, एवढंच. सुई धरू नको, जिना उतरू नको, फोनने डोळे दुखतील. अशा बाईने सहादा नाही वाजवायचं तर काय करायचं?

नातीने मोठ्याला कसं सुधारलं ते ऐक. आता एक खूण मिळाली की एकच संपला असं तो धरत नाही. उठतो आणि सगळ्यांना विचारत जातो, तुझं झालं का, तुझं झालं का, कुणी उरत नाही तोवर. मी म्हटलं, एवढंसं? ती म्हणाली एवढंसंच. मग तिने त्याला "चालू हो" म्हटलं आणि तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे निघाला, टोकनचा आकडासुद्धा चुकला नाही. मी त्याच्याकडे बघतच राहिले. थांबवलेला आणि संपलेला यात किती फरक आहे बघ. थांबवलेल्याच्या हातातलं सगळं हातातच असतं.

म्हणून सांगते. मास्तरांचा तपकिरी कोट, ज्याचं कोपर रफू करता करता तू उठून गेलीस, तो अजून तुझ्या शिलाई मशीनवर तसाच आहे. सुई कापडात, कापड दाबणारा पाय खाली. मी कुणाला हात लावू दिलेला नाही. मास्तर दर आठवड्याला येतात. मी म्हणते, रफूवाल्या बाई बाहेरगावी गेल्यात. परवा म्हणाले, "आजी, मला दोनदा सर्दी झाली, रफू राहू दे, कोट तरी द्या." मी म्हटलं, मग मफलर घ्या. बाकीच्या रफूवाल्यांनाही तेच सांगते, बाहेरगावी गेल्यात. रफू आता करत नाही असं एकालाही म्हटलेलं नाही. नीट वाच ते.

हे पत्र तुझ्या जांभळ्या शालीच्या घडीत घालते. शाल धुवून पाठवतेय असं लेकाला कळवलंय. त्याने जन्मात एक घडी उलगडलेली नाही, तेव्हा पत्र तुझ्याच हातात पडेल.

आता नवीन ठराव. मोजामोजी बंद. एक रिंग दिलीस तरी तिचा अर्थ ये. बरी असशील तर वाजवू नकोस, बऱ्या माणसांशी माझं काम नाही. फोन आता एप्रनच्या खिशात असतो, थरथरला की पोटाला गुदगुल्या होतात, पण असू दे. चार्जर लेकाजवळ असेल तर माग. तुझाच आहे तो.

वाजवलंस तर बॅग भरली असं समजेन. नाही वाजवलंस तरी रविवारी सकाळच्या गाडीने मी येतेच आहे. तुझ्या आधीच्या सगळ्या हाका अजून माझ्याकडे बाकी आहेत. तुला यायचं नसेल तर तोंडावर सांग, मी जेवून परत फिरेन. यायचं असेल तर चष्मा विसरू नकोस, कोपराचं काम बारीक आहे.

उशिरा का होईना, ऐकू आलेली,
तुझी
ताई