मागची बैठक

स्प्रूस पाँड, मेन
मे अखेर, चावऱ्या काळ्या माश्यांचे दिवस

प्रिय मर्टल आत्या,

इथूनच वाकून नमस्कार. (आशीर्वाद द्यायला उठू नकोस, गुडघा सांभाळ.) फ्लोरिडात तुझ्या अंगणात मगर येते हे वाचून काळजी वाटली, मगरीची. आम्ही ठीक आहोत, म्हणजे माश्यांनी जेवढे शिल्लक ठेवलेत तेवढे.

बाबा आता शहाऐंशीचे. वृद्धाश्रमाच्या खिडकीतून तळं दिसत नाही म्हणून रोज त्या खिडकीला शिव्या घालतात. मी सहज म्हटलं, चला, एकदा होडीतून हिंडवून आणतो. तर म्हणाले, "परवाना आहे तुझ्याकडे?" बापाला फिरवायला सरकार परवाना मागत नाही, हे मी सांगून पाहिलं. "सरकार मागत नसेल, मी मागतो!" चाळीस वर्षं ज्यांनी शहरी पाहुण्यांना हरणामागे आणि माशांमागे नेलं, ते बिनपरवान्याच्या वाटाड्याच्या होडीत पाय कसा ठेवतील? म्हणून बावन्नाव्या वर्षी मी शिकार-मासेमारीच्या वाटाड्याची परीक्षा दिली.

शुभ म्हणून बाबांची हातकुऱ्हाड कमरेला लावून गेलो. तिघा परीक्षकांनी टेबलावर नकाशा पसरला, होकायंत्र दिलं आणि म्हणाले, आम्हाला मुक्कामावर न्या. मी होकायंत्र ऐटीत कमरेशी धरलं आणि तिघांनाही सामानसुमानासकट नकाशावरच्या तळ्याच्या मधोमध नेऊन उभं केलं. त्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी मायेने विचारलं, "बाळा, कुऱ्हाड लोखंडाची आहे ना रे?" (बावन्नाव्या वर्षी बाळ! नापास होण्यापेक्षा ते जास्त लागलं.) बाबांना सांगितलं तर ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, "होकायंत्र काढण्याआधी मी कुऱ्हाड लांबच्या झाडात रोवून यायचो, ते दिसलं नाही कधी? कसं दिसणार! तोंड बीन्सच्या भांड्यात असायचं तुझं." दिसायचं गं आत्या. मला वाटायचं, ऐट म्हणून रोवतात.

महिन्याभराने पुन्हा गेलो, कुऱ्हाड घरी ठेवून. होकायंत्र या वेळी शहाण्यासारखं वागलं. मग प्रश्न आला: पाहुणा जंगलात हरवला, काय कराल? पुस्तकातलं सगळं म्हणून दाखवलं आणि शेवटी राहवेना, म्हणून नवव्या वर्षी मी दलदलीपलीकडे हरवलो होतो ते सांगितलं. आधी हाका मारून बाबांचा घसा बसला. मग वाऱ्याची दिशा बघून त्यांनी चूल पेटवली आणि बेकनमध्ये कांदा परतायला घेतला. मी नाकामागे चालत आलो. बाबा एवढंच बोलले, "ताट घे." त्याच म्हाताऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "कांदे किती?" मी म्हटलं, तीन. पास झालो.

तुझा भाचा,
एल्वूड

ता. क. बाबांनी चष्मा लावून परवाना दोन्ही बाजूंनी वाचला. "फोटोत हरवल्यासारखा दिसतोस," म्हणाले आणि उशीखाली ठेवून दिला. परत मागितला की झोपेचं सोंग घेतात.

पुन्हा ता. क. खरं काम आता सांगतो. बाबा यायला तयार आहेत, पण बसणार मागच्या बैठकीवर, जिथे वाटाड्या वल्हं घेऊन बसतो. "पुढे पाहुणा बसतो. मी काय पाहुणा आहे?" आणि पाहुण्याशिवाय होडी सोडणं त्यांच्या नियमात नाही. तेव्हा जूनमध्ये तू ये आणि पुढे बस. परवाना बाबांच्या खिशात असेल, कांदे मी चिरून आणतो. मी मधे सामानावर बसेन, नवव्या वर्षी बसायचो तिथेच.