गाडीखालचा हिरवा डाग

७ नोव्हेंबर
आज बोनेट उघडलं. कूलंटची पातळी खालच्या रेघेच्याही खाली. सोळा तारखेला दिव्यानीची वनरक्षक भरतीची धाव आहे, चंद्रपूरला. साडेपाचला हजेरी, एक मिनिट उशीर झाला की गेट बंद. पोरगी वर्षभर तलावाच्या पाळीवर धावून राह्यली. तेव्हा गाडी ठणठणीत पाहिजे. सौ. वच्छला म्हणाली, प्रफुलच्या गॅरेजात दाखवा. प्रफुल! सातवीत माझाच विद्यार्थी होता. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो हे त्याला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा खिडकीबाहेर पाहत होता. आता तो माझं इंजिन तपासणार. तपासणी घरीच होईल. निवृत्त झालो म्हणून विज्ञान विसरलो नाही.

८ नोव्हेंबर
मोबाइलवर सहा व्हिडिओ पाहिले. झोपताना गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा, सकाळी डाग पाहायचा. एवढंच. आणि याच्यासाठी लोक गॅरेजात रांग लावतात.

९ नोव्हेंबर, स. ६.१०
पुठ्ठ्यावर ताटाएवढा हिरवा डाग. कूलंटही हिरवंच असतं, पण घाईने निष्कर्ष काढणारा माणूस मी नव्हे. वच्छला रोज पहाटे अंगणात शेणाचा सडा टाकते. शेण हिरवं, डाग हिरवा. सिद्ध. वच्छला म्हणते, मी गाडीखाली सडा टाकतच नाई. तिला अंगणाचा उतार काय कळणार? कूलंटच्या डबीत बोअरचं पाणी भरलं.

१० नोव्हेंबर
प्रयोगासाठी सडा बंद करायला सांगितला. वच्छला म्हणाली, लेकीच्या परीक्षेच्या तोंडावर दार कोरडं ठेवू काय? तिला प्रयोगाची पद्धत समजावली. ऐकलं, पण मग अर्धा तास भांडी आपटत होती.

११ नोव्हेंबर
सडा नाही, डाग आहे. परवाच्याहून मोठा. कारण उघड आहे. वीस वर्षांचं मुरलेलं शेण जमिनीतून वर चढतं आहे. याला केशाकर्षण म्हणतात. दिव्यानीने विचारलं, मग पुठ्ठा वरूनच कसा काय ओला, खालून तर कोरडा आहे. तिला म्हटलं, तू धावण्याकडे लक्ष दे. परत पाणी भरलं.

१२ नोव्हेंबर, संध्या.
गाडीत गोडसर वास. कूलंटचा वासही गोडच, पण वच्छलाने बाजारातून गूळ आणताना सांडला असणार. चौकात प्रफुल भेटला. म्हणाला, गुरुजी, खालचा होज पाइप चिरला असन, दहा मिनिटांचं काम आहे, गाडी आणा. मी म्हटलं, बाबू, आधी सातवीचं पुस्तक वाच. हसला. याला होजचं कोणी सांगितलं? घरात फितुरी आहे.

१३ नोव्हेंबर
इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. व्हिडिओत नका उघडू म्हटलं होतं, पण ते अडाण्यांसाठी. मनगटावर दोन फोड. वच्छलाने कोरफड लावली, शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१४ नोव्हेंबर
वच्छलाची नवी टूम. म्हणे, उद्याच एसटीने चंद्रपूरला जाऊ, माझ्या बहिणीकडे मुक्काम करू. दारात गाडी असताना एसटी! सावली गावात काय तोंड दाखवू? मी जेवलो नाही. शेवटी दिव्यानीच म्हणाली, मी बाबांच्याच गाडीत जाईन. पोरीला बापाची किंमत आहे. भरून आलं. मग जेवलो.

१५ नोव्हेंबर
दोन किलोमीटर ट्रायल घेतली. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला. काटा खराब आहे, भरती झाल्यावर बदलून घेऊ.

१६ नोव्हेंबर, पहाटे ५.१०. चंद्रपूरच्या अलीकडे, जंगलात.
गाडीत बसून लिहितो आहे. काचा बंद, कारण इथे वाघ फिरतो. मूल गाव सोडलं आणि काटा लाल रेघेवर गेला. मग वाफ. मग इंजिन बंद. मी दार उघडतो तोच मागून हेडलाइट आले. प्रफुलची जीप, शेजारी वच्छला. ती घरी झोपली आहे अशी माझी समजूत. सावलीपासून मागेमागे येत होते.

दिव्यानी उतरली. मी घाईने म्हटलं, बेटा, बॅग राहिली, बूट, हॉलतिकीट. ती वाकून माझ्या पाया पडली. मग म्हणाली,

"सगळं कालच प्रफुलभाऊच्या गाडीत ठेवलं बाबा. तुमाले वाईट नको वाटाले म्हणून इथी बसली मी."

जीपमध्ये मागची सीट रिकामी होती. मी तिकडे निघालो. वच्छला म्हणाली, तुम्ही गाडीपाशीच राहा. राह्यलो.

५.२७
वच्छलाचा फोन. दिव्यानी गेटच्या आत गेली. तीन मिनिटं उरली होती. मला रडू आलं. खोटं कशाला लिहू, ही वही माझ्याशिवाय वाचतो कोण. प्रफुल मला न्यायला परत निघाला आहे. त्याला काय म्हणायचं ते सुचत नाही.