उसाच्या रसाचं गारीगार

आत्या,

तुमच्या लेकाला मी पाणी देत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत घरात काय काय झालं ते तुम्हाला कळवावं असं कधी मनात आलं नव्हतं. सून सासूला पत्र कशाला लिहील? पण हल्ली फ्रीजसमोर उभी राहिले की तुम्ही मागं येऊन उभ्या राहिल्यासारखं वाटतं, पदर खोचून, काही न बोलता. तुम्ही बोलत होता तेव्हा मला तुमची एवढी भीती वाटायची नाही.

यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आधी बीपी होतं, मग साखर आली. फौजेतून आलेला माणूस, औषध म्हटलं की हसण्यावारी न्यायचे. गेल्या दिवाळीत पाय सुजले आणि तपासण्या केल्या तेव्हा फार काही उरलं नव्हतं. आता आठवड्यातून दोनदा इस्लामपूरहून सांगलीला जातो, डायलिसिसला. चार तास मशीन रक्त धुऊन देतं. पण लघवी जवळजवळ बंद आहे, त्यामुळं प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही. ते आधी पायांत साठतं, मग पोटात, मग छातीत चढतं. म्हणून दिवसाला तीन पेले, बस. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्या तीन पेल्यांत. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी यांना नाही, मला समोर बसवून सांगितलं. तेव्हापासून या घरातलं पाणी माझ्या हातात आहे.

माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा तुम्हाला आठवतो का? कोण तरी पाहुणे येऊन गेले होते आणि मी पेल्यांत उरलेलं पाणी मोरीत ओतलं. तुम्ही चुलीपुढून उठून आलात. "आगं, हितं कॅनॉल हाय म्हणून ओततीस व्हय? माझ्या म्हायारी दोन कोस चालल्याबिगार घागर भरत न्हाई. तुळशीला घाल, कोंबड्यास्नी घाल, पर ओतायचं न्हाई." मी वाईकडची, कृष्णेच्या काठची. पाणी ओतल्यावरून कुणी रागावेल हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही माणकडच्या, दुष्काळातल्या. त्याच दिवशी दुपारी उन्हातून टपालवाला आला, तर त्याला तांब्याभर पाणी आणि वर गुळाचा खडा तुम्हीच दिलात, आणि मला म्हणालात, "पाणी पायजे का आसं कुनाला इचारायचं नस्तं. म्होरं ठिवायचं." मी त्यानंतर कधी कुणाला विचारलं नाही. पुढं ठेवत आले. आता तुमचाच लेक विचारतो, आणि मी घड्याळाकडं बघते.

यांनी फौजेच्या कँटीनमधून फ्रीज आणला तो उन्हाळाही डोळ्यांसमोर आहे. टेम्पोतून उतरवताना सगळी गल्ली जमली होती. तुम्ही दोन दिवस त्याला हात लावला नाहीत. "थंड पान्यानं घसा बसतोय," म्हणालात. तिसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या गुऱ्हाळावरून रसाची किटली घेऊन आलात. आलं ठेचलंत, लिंबू पिळलंत, रस फडक्यातून दोनदा गाळलात, आणि घरातली होती नव्हती ती सगळी फुलपात्री ओळीनं मांडलीत. काड्या कशाच्या लावायच्या हा प्रश्न होता. तुम्ही परड्यातून तुरीच्या काड्या आणल्यात, साल काढून तासून गुळगुळीत केल्यात, फुलपात्र्यांवर कागद बांधून मधोमध एकेक खोचलीत. मी नुसती बघत होते. त्या दिवशी लाईट दोनदा गेली आणि तुम्ही फ्रीजचं दार कुणाला उघडू दिलं नाहीत. संध्याकाळी सगळ्यांना सोप्यात बसवलंत, मामंजींपासून माझ्या मांडीवरच्या लेकरापर्यंत, आणि फुलपात्री तळहातांत फिरवून फिरवून एकेक गारीगार सोडवलंत. यांनी पहिला घास तोडला नि डोळे मिटले. तिशीला आलेला, मिशीवाला माणूस. म्हणाले, "आई, लेहच्या बर्फापेक्षा ह्यो बर्फ लय भारी." तुम्ही लाजलात. मी तुम्हाला लाजताना तेवढं एकदाच बघितलं.

डायलिसिसच्या सिस्टरनी मला गारीगारचं सुचवलं. त्या म्हणाल्या, पाण्याचा घोट लगेच संपतो, बर्फ चोखला की तोंड जास्त वेळ ओलं राहतं. लिंबू अगदी थोडं, साखर नको, आणि नारळपाणी, मोसंबी, उसाचा रस तर अजिबात नको, त्यांतला क्षार यांच्या हृदयाला झेपत नाही. लेकानं पुण्याहून प्लॅस्टिकचे साचे आणले. मी औषधाच्या टोपणानं पाणी मोजून ओतते. सकाळी एक, दुपारी एक. हे साच्यातून काडी ओढून काढतात आणि खुर्चीत ताठ बसून खातात. घाई करत नाहीत. शेवटी काडी तोंडात धरून बसतात, ती कोरडी होईपर्यंत. कधीकधी मी स्वयंपाकघरातून बघत असते आणि त्यांना कळतं. मग काडी काढून ठेवतात, चोरी पकडल्यासारखी. आत्या, हा माणूस ओरडला की अंगणातली माणसं गप्प व्हायची.

मे महिन्यात नाती आल्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी पाच. त्यांच्यासाठी आंब्याचं केलं, दुधाचं केलं. धाकटी यांच्या मांडीवर बसून खायची. एकदा तिनं आपलं गारीगार त्यांच्या तोंडाजवळ नेलं. "आबा, चाटा ना, मी कुणाला सांगणार नाही." यांनी तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. परवानगीसाठी. मी मान हलवली, नको म्हणून. ते तिला म्हणाले, "तू खा गं बाळा, मला दात शिवशिवत्यात." मी आत जाऊन उगाच भांडी घासली, घासलेलीच.

मग त्यांनीच पोरींना तुमचं सांगितलं. तुरीच्या काड्या, फुलपात्री, तळहातांत फिरवायची तुमची रीत. सांगताना जिभेनं ओठ ओले करत होते. पोरी माझ्या मागं लागल्या, पणजीचं गारीगार पाहिजे म्हणून. गुऱ्हाळं कधीच बंद झाली होती. मी स्टँडजवळच्या रसवंतीतून बरणीभर रस आणला. आलं, लिंबू, फडक्यातून दोनदा गाळून, सगळं तुमच्यासारखं. सहा-सहाचे दोन्ही साचे भरले. बारा झाली.

दुसऱ्या दिवशी वाईला माझ्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. मी जाणार नव्हते. हेच म्हणाले, "जा की. किती म्हयनं झालं घराभायेर न्हाईस. मी काय ल्हान हाय का?" लेक, सून, पोरी आणि मी जीपनं गेलो. शेजारच्या घरातल्या जाऊबाई दुपारी डोकावून जाणार होत्या. निघताना मी फ्रीज उघडून बघितला. बारा होती. पोरी आल्यावर खाणार होत्या. तेवढे साचे जाऊबाईंच्या फ्रीजमध्ये ठेवायला दोन मिनिटं लागली नसती. मनात आलं होतं, आत्या. हात साच्यांपर्यंत गेलाही होता. मी दार लावलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. एक दिवस तरी या माणसाला कुणी नाही म्हणू नये असं वाटलं, की मलाच एक दिवस नाही म्हणायचं नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही. साखरपुड्यात मी दोन वाट्या बासुंदी खाल्ली, बहिणींबरोबर हसले.

दिवेलागणीला परत आलो. हे सोप्यात खुर्चीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. समोरच्या स्टुलावर बारा काड्या होत्या. धुतलेल्या, एका रेषेत, सगळ्यांची टोकं एकीकडं. साचेही धुऊन पालथे घातलेले. शेजारी रिकामा तांब्या, कारण गोड खाल्ल्यावर जास्तच तहान लागते. जाऊबाई येऊन गेल्या तेव्हा यांनी झोपेचं सोंग घेतलं होतं. मी जवळ गेले तर छातीत घुरघुर ऐकू येत होती. शब्दाशब्दाला श्वास घेत म्हणाले, "लय... ग्वाड झाल्तं. आईसारकंच." धाकटी रडायला लागली, आमची सगळी खाल्ली म्हणून. हे तिला म्हणाले, "चुकलं गं माझं."

सांगलीला पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. आडवं होता येत नव्हतं, लेकाला टेकून बसले होते. दवाखान्यात लगेच ऑक्सिजन लावला, मशीनवर घेतलं. डॉक्टर तरुण होते, माझ्या लेकापेक्षाही लहान. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मावशी, इतके महिने येताय, तुम्हाला कळत नाही का?" मी मान खाली घालून उभी राहिले. लेक त्यांना समजावत होता, की आई घरी नव्हती, तिची काही चूक नाही. त्याला मी थांबवलं नाही. साच्यांपर्यंत गेलेला हात त्याला मी अजून सांगितलेला नाही.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. पोरी पुण्याला गेल्या. चार-पाच दिवस गेले. मग एका सकाळी माझ्याकडं न बघता म्हणाले, "फ्रीजला कुलूप लाव. माठ पन आतल्या खोलीत ठिव. नळाचं कोमट पानी आवरतंय, गार आवरत न्हाई." मी म्हटलं, "आवं, काहीतरीच काय? घरात कुलूप कशाला?" तर म्हणाले, "माझा भरवसा न्हाई." लेहला बर्फ वितळवून मोजकं पाणी प्यालेला माणूस, आत्या. लोहाराकडून कोयंडा बसवून घेतला. किल्ली माझ्या मंगळसूत्रात आहे. कुलूप उघडताना आवाज होतो आणि त्या आवाजाला ते खुर्चीत सावरून बसतात. मी आता सावकाश उघडते, पण तरी होतो.

एवढं करूनही त्यांना राग येतोच. परवा ऊन फार होतं, जीभ टाळूला चिकटली होती, बोलताही येत नव्हतं नीट. दुपारचं गारीगार होऊन गेलं होतं. म्हणाले, "आर्धा घोट दे." मी म्हटलं, "संध्याकाळी गोळीबरोबर देते." त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाले, "आई आसती तर दिलं आस्तं." तुम्ही दिलं असतं हे मलाही माहीत आहे. दिलं असतं आणि मग छाती भरल्यावर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला असता, आणि कुणी तुम्हाला काही विचारलं नसतं. की तुम्हीही असंच कुलूप लावलं असतं? तुमच्या माहेरी लहान पोरांना पाणी मोजून देत होता, तेव्हा पोरं रडायची का? तुम्ही काय करत होता? हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं. तेव्हा विचारायचं कारण पडलं नव्हतं.

आता नवीनच झालं आहे. तीन-चार दिवस झाले, हे दुपारचं गारीगार पुरं खात नाहीत. अर्धं खाऊन काडी माझ्या हातात देतात, "बास" म्हणतात. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. सिस्टरना सांगितलं तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि फाइलमध्ये काही लिहिलं. तेव्हापासून मी दुपारी त्यांच्यासमोर बसते आणि मनात म्हणते, संपवा, एवढं तरी संपवा. ज्याला इतके महिने नको नको म्हटलं, त्याला आता घ्या घ्या म्हणते आहे. अर्धं उरलेलं माझ्या हातात वितळतं आणि कोपरापर्यंत ओघळ येतो.

हे लिहिताना त्यांनी विचारलं, "काय लिव्हतीयास एवढं?" मी म्हटलं, वाणसामानाची यादी. कागदाची घडी करून डब्यांच्या मागं ठेवेन. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडस झालं नसतं.

एक राहिलं. त्यांच्यासमोर मी पाणी पीत नाही. लोकांना वाटतं केवढी बाई, नवऱ्यासाठी तीही तहानलेली राहते. जाऊबाई तर गल्लीभर सांगतात. खरं असं आहे की मी न्हाणीघरात जाते, दार लावते, आवाज होऊ नये म्हणून नळ बारीक सोडते आणि ओंजळीनं पोटभर पिते. आज दोनदा प्याले. ते पाणी फार गोड लागतं, आत्या.