स्कोअरबोर्डच्या आधी

वेनट्री, नेब्रास्का

प्रिय बाबा,

आम्ही मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही जिना चढलात की आई अजून रागावते का?

शाळा मंडळाच्या निवडणुकीत मी हरले. काळजी नको, जेवण नीट आहे, झोप तेवढी कमी.

उमेदवारांच्या सभेत फुटबॉलचे कोच केटलर म्हणाले, "मैदानाला नवा स्कोअरबोर्ड हवा." मी म्हटलं, "आधी वाचन शिकवणाऱ्या बाई हव्यात. माझी कोरा नऊ वर्षांची झाली, तिला अजून धड वाचता येत नाही." मागून कोणीतरी हसलं.

हे सांगण्याआधी मी कोराला विचारलं होतं. ती म्हणाली, "सांग, पण मी ढ आहे असं नको म्हणूस."

निवडून आले केटलर. पण पहिल्याच बैठकीत त्यांनी स्कोअरबोर्ड बाजूला ठेवला आणि वाचनाच्या बाई नेमण्याची मागणी मंजूर करून घेतली. बाहेर मला म्हणाले, "आमच्या घरीही तेच आहे, लोर्ना. चारचौघांत बोलायचा धीर मला झाला नाही."

बाई येऊन महिना झाला. खालची ओळ कोराची आहे. मी काहीही सुधारलेलं नाही.

आईला आणि तुम्हाला घट्ट मिठी,
लोर्ना

आजोबा हे मि एकटिने लीहीलं